शेंदूर लागलेला कोळसा

एकदा एका कोळशाच्या खाणीवर वसलेल्या गावात खाणीच्या मालकाने, एका व्यापाऱ्याने, घरोघरी पेढे वाटले. खाण संपत आल्याची कुजबुज वर्षभर चालली होती आणि लोकांच्या तोंडचे पाणी पळाले होते. आता व्यापाऱ्याने दवंडी पिटवली, की नवा साठा सापडला आहे, पुढच्या तीन पिढ्यांना पुरेल.

गावाच्या टोकाला आश्रमात एक वृद्ध आचार्य राहत. व्यापाऱ्याने त्यांनाही पेढे आणि नव्या कोळशाची टोपली पाठवली. ती घेऊन आला त्यांचाच शिष्य. त्याचे घर याच गावातले, वडील खाणीत उतरणारे. साहजिकच स्वारी खुशीत होती.

आचार्यांनी एक ढेकूळ उचलून उजेडात फिरवले. त्याच्या एका अंगाला शेंदूर होता. त्यांनी हातातला पेढा तसाच खाली ठेवला, शिडी लावली आणि आश्रमाची कौले उतरवायला सुरुवात केली.

"गुरुजी, छप्पर तर चांगलं भक्कम आहे," शिष्य गोंधळून म्हणाला.

"छपराला काही झालेलं नाही. तुझे वडील खाणीत उतरल्यावर आधी काय करतात?"

"खांबाला शेंदूर लावतात. हात जोडतात."

"आणि तो खांब कशाचा असतो?"

शिष्याचा चेहरा उतरला. कोळसा खोदताना जागोजागी त्याचेच जाड खांब सोडायचे, त्यांच्यावर वरची जमीन पेलायची आणि जमिनीवर गाव, ही रीत त्याला लहानपणापासून ठाऊक होती.

"बाळ, काढण्याजोगा कोळसा केव्हाच संपला," आचार्य म्हणाले. "उरलाय तो गाव धरून ठेवणारा. तोच व्यापाऱ्यानं शिल्लक म्हणून मोजला आणि गावानं पेढे खाल्ले. जमीन खचेल तेव्हा माझं छप्पर तरी कोणाच्या डोक्यात पडायला नको. याहून जास्त माझ्या हातात काही नाही."

शिष्य धावत व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी शांतपणे म्हणाला, "मला का हे ठाऊक नाही? थांबवतो उद्यापासून. मग गावातल्या शेगड्या कशावर पेटवायच्या, ते तू सांग."

शिष्य तिथून बाहेर पडला. तो दारोदार फिरला. लोकांनी ऐकून घेतले, माना डोलावल्या आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. शेवटी तो आपल्या घरी आला. वडील भिंतीला टेकून बसले होते.

"मीच तोडला तो खांब," ते खाली बघत म्हणाले. "तोडायच्या आधी हात जोडले होते."

शिष्याला रडू फुटेल असे वाटले, पण ते आले नाही.

"भाकर थंडी होऊन राहिली," आईने ताट पुढे सरकवले. "जेवून घे आधी."

शेगडीत त्याच खांबाच्या कोळशाचे निखारे लाल झाले होते. शिष्याला भूक लागली होती. तो जेवायला बसला, आणि गुरुजी फक्त स्वतःचेच छप्पर का उतरवत होते, हे त्याला पहिल्या घासालाच कळले.