आगीचा गोळा आणि टिटवीची अंडी

फार जुनी गोष्ट. एका माळावर हरणांचा कळप चरत असे. एका तिन्हीसांजेला आभाळातून आगीचा मोठा गोळा सरसरत गेला आणि सगळा माळ लख्ख उजळला. माळावरच्या मातीत अंडी घालून बसलेली टिटवी किंचाळली, कळप उधळला. धूळ खाली बसली तेव्हा गोमटी नावाच्या हरणीचं पाडस तुडवलेलं पडलं होतं.

"टिटवीनंच ओरडून आग बोलावली," म्होरक्या काळवीट म्हणाला. "उद्या तिची अंडी तुडवू."

पहाटे गोमटी तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाकडे गेली. "आजोबा, ती आग कुणी पाठवली?"

"कुणीच नाही गं पोरी. माझ्या लहानपणी एक धूमकेतू येऊन गेला. जाताना त्याची धूळ वाटेत सांडली. दरवर्षी थंडीच्या तोंडावर आभाळाच्या एकाच कोपऱ्यातून तिचे कण येतात आणि जळून जातात. कालचा खडा जरा मोठा होता, इतकंच."

"म्हणजे आमच्यावर कुणाचा राग नव्हता?"

"त्या धूमकेतूला तुम्ही ठाऊकसुद्धा नाही."

गोमटीनं परत येऊन कळपाला सगळं सांगितलं.

"मग तुझं पाडस कशानं मेलं?" म्होरक्यानं विचारलं.

"आपल्या खुरांनी," गोमटी म्हणाली.

कुणी कुणाकडे बघेना. मग म्होरक्यानं मान फिरवली आणि तो टिटवीच्या अंड्यांकडे चालू लागला. एकेक करत सगळा कळप त्याच्यामागे निघाला.

"अरे, थांबा!" गोमटी ओरडत राहिली. पण खुरांच्या आवाजात तिचं कुणाला ऐकूच गेलं नाही.