इलाहीच्या बदल्यात

बातमी आली तेव्हा केरबा ओढ्यावर म्हैस धूत होता. बुधवार होता. म्हैस रोजचीच होती आणि तिला पाण्यातून उठायचं नव्हतं, हेही रोजचंच होतं.

पिंपळोलीत केरबाएवढा भोळा गडी दुसरा नव्हता. भोळा म्हणजे असा, की एकदा सांगितलेलं तो विसरायचा नाही. आई होती तोवर ती त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि ती झाली की म्हणायची, "आता हे विसर." आई गेली. त्यानंतर सांगणारे गावभर झाले. विसर म्हणणारं कुणी राहिलं नाही.

काठावरून धोंडू न्हावी चालला होता. तो थांबला.

"केरबा, कळलं का? आपला इलाही कुरुंदीला दिला."

"दिला? मग परत कधी आणायचा?"

"परत कसला? त्याच्या बदल्यात वस्तादांनी दोन गडी घेतले. जत्रेला इलाही त्यांच्या गोलात उभा राहणार."

केरबाच्या हातातली घासणी पाण्यातून वाहत गेली. तो बघत राहिला. म्हैसही बघत राहिली.

इलाही हा पिंपळोलीच्या हॉकी संघाचा गोलकीपर. जत्रेतल्या सामन्यात कुरुंदीचा चेंडू त्याने कधी आत जाऊ दिला नव्हता. केरबा दर सामन्याला गोलाच्या मागे बसायचा. मधूनच इलाही मान वळवून विचारायचा, "काय केरबा, बरं चाललंय न्हवं?" तेवढ्यावर केरबाचं वर्ष निघायचं.

त्या भागात सुगी झाली की गावं आपसांत खेळाडू बदलायची, आणि तेही बैलबाजाराच्या रीतीने. दोन गावांचे कारभारी समोरासमोर बसायचे, हातांवर उपरणं टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं दाबून किती गडी द्यायचे ते ठरवायचे. वरून पावसापाण्याच्या गप्पा. उपरणं उचललं की सौदा पक्का. मग तो मोडणाऱ्या गावाला कुणी मुलगी देत नसे.

केरबा ओल्या अंगाने दादू वस्तादांकडे गेला. संघाचे कारभारी तेच.

"वस्ताद, इलाही का दिला?"

"तुला सौद्यातलं काय कळतंय? एक दिला, दोन घेतले. शहाण्यानं नेहमी एक द्यावा आन् दोन घ्यावे."

ते दोघे अंगणातच सराव करत होते. एक वाऱ्यासारखा पळत होता, पण चेंडूपासून लांब. दुसरा चेंडूला धरून होता, पण पळत नव्हता.

केरबाने शिकवण डोक्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी हौसाआत्याने त्याला तांब्याची घागर देऊन कल्हई लावायला पाठवलं. आई गेल्यापासून केरबा या आत्याकडेच राहत होता. तो परत आला तो पत्र्याचे दोन डबे घेऊन.

"घागर कुठाय?"

"दिली. एक दिली, दोन घेतले."

आत्याने डब्यांत पाणी ओतलं. दोन्ही डब्यांनी ते अंगणाला दिलं.

"अरे मुडद्या, घ्यायच्या आधी पाणी भरून बघावं. गळत नसेल तरच घरी आणावं."

"बरं," केरबा म्हणाला.

त्याच आठवड्यात भजनी मंडळाची पेटी दुरुस्त होऊन आली होती. ती तालुक्याहून आणायचं काम केरबाकडे आलं. त्याने वाटेत ओढ्यावर पेटी उघडली, काठोकाठ पाणी भरलं आणि वाट बघितली. मग रिकाम्या हाताने घरी आला.

"पेटी गळते," तो म्हणाला. "घेतली नाही. ओढ्यावरच ठेवली."

भजनी मंडळ आत्याच्या दारात बसून राहिलं. त्यांच्यापुढे ती केरबाला फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मोलाचं काही हाती दिलं, तर कापडात गुंडाळून दोन्ही हातांनी पोटाशी धरावं. काही झालं तरी सोडू नये."

"बरं."

मग आत्याचे जावई आले. जेवून-खाऊन निघाले. आत्या म्हणाली, "केरबा, जावई म्हणजे लाखमोलाचा माणूस. नीट एसटीत बसवून ये."

एसटी आली. जावई पायरीवर पाय ठेवणार, तोच केरबाने त्यांच्यावर घोंगडं टाकलं आणि त्यांना दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. कंडक्टरने दोनदा विचारलं, "पाव्हणं येणार हायत का?" घोंगड्यातून काही आवाज आला, पण तो कळण्यासारखा नव्हता. एसटी गेली.

जावयांनी त्या रात्रीही मुक्काम केला.

"मोठ्या माणसांशी झोंबायचं नसतं," आत्या म्हणाली. "ती जे म्हणतील त्याला हसून हो म्हणावं."

"हो," केरबा हसून म्हणाला.

इकडे जत्रा जवळ आली. ते दोन नवे गडी खेळताना बघून गावाने वस्तादांना पारावर उभं केलं. इलाही परत आणा, नाहीतर कारभार सोडा. वस्तादांना कुरुंदीत तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्यांनी बराच विचार केला आणि केरबाला पाठवलं. म्हणाले, "याला फसवण्यात तातोबाला काय गोडी वाटणार नाही."

तातोबा म्हणजे कुरुंदीचा कारभारी. त्याने केरबाला बसवलं, चहा दिला, हातांवर उपरणं टाकलं. वरून म्हणाला, "उसाला यंदा पाणी कमी पडलं." खाली त्याने केरबाची पाचही बोटं एकदम दाबली. घासाघीस व्हायची म्हणून त्याने मुद्दामच जास्त मागितलं होतं.

केरबा हसून म्हणाला, "हो."

तातोबा चपापला. त्याने पुन्हा पाचही बोटं दाबली.

"हो."

"आता धा झाले, लेका."

"हो."

"आरं, एकदा तरी नाही म्हण की."

"हो," केरबा म्हणाला.

तातोबाने नाइलाजाने उपरणं उचललं.

संध्याकाळी केरबा इलाहीला घेऊन गावात शिरला. लोकांनी हलगी वाजवली. हलगी चालू असतानाच मागून तातोबा आला आणि दहा गडी निवडून घेऊन गेला. त्याने निवडून घेतले, त्यामुळे ते दोघे नवे गडी मागे राहिले.

वस्ताद पारावर डोकं धरून बसले. "केरबा," ते म्हणाले, "कुणी काय पुढ्यात आणून ठेवलं, की लगेच हो म्हणून मोकळं व्हायचं नाही. 'घरी इचारून सांगतो' म्हणायचं आन् सरळ घरी यायचं."

"बरं."

जत्रेच्या दिवशी पिंपळोलीकडून इलाही, ते दोघे आणि गावात जे सापडले ते उतरले. धोंडू न्हावी होता. केरबाही होता. त्याला पुढे कुरुंदीच्या गोलाजवळ उभं केलं, म्हणजे तो कुणाच्या पायात येणार नाही.

कुरुंदीचे सगळे इलाहीवर तुटून पडले. त्यांतले बरेचसे पिंपळोलीचेच होते, त्यामुळे ते येताना "इलाहीभाई, माफी" म्हणायचे. इलाही आडवा पडला, उभा राहिला, पुन्हा आडवा पडला. एकही चेंडू आत गेला नाही. कुरुंदीच्या गोलकीपरकडे कुणी फिरकेना. तो कंटाळून उसाचा रस प्यायला गेला.

शिट्टी व्हायला थोडाच वेळ उरला होता. इलाहीने जीव खाऊन चेंडू हाणला. तो सगळं मैदान ओलांडून घरंगळत आला आणि केरबाच्या पुढ्यात थांबला. समोर गोल मोकळा होता.

"मार, केरबा," इलाही तिकडून ओरडला. वस्ताद ओरडले. सगळी पिंपळोली ओरडली.

केरबाने चेंडूकडे बघितलं. स्टिक गवतावर हळूच ठेवली.

"घरी इचारून सांगतो," तो म्हणाला, आणि सरळ घराकडे चालू लागला.

घराला कुलूप होतं. हौसाआत्या सामना बघायला मैदानावर गेली होती. केरबा उंबऱ्यावर बसून तिची वाट बघत राहिला.

तो गोल अजून मारायचा राहिला आहे.