विरोधकाने वाचलेला मसुदा

एका तालुक्याच्या गावी श्रीनिवासराव धारप नावाचे एक वृद्ध वकील राहत असत. कोर्टात जाणे त्यांनी थांबवले होते. मते मांडणे थांबवले नव्हते. राजकीय पक्षांविषयी ते परखड बोलत, आणि सर्वच पक्षांविषयी बोलत, त्यामुळे कोणत्याच पक्षाला ते आपले वाटत नसत. त्यांच्या हाताखाली तयार झालेली वैजयंती साबळे ही तरुण वकील मात्र नगरपरिषदेतील सत्ताधारी पक्षाची कायदा सल्लागार होती. सरांना ते फारसे रुचले नव्हते, पण त्यांनी तिला कधी अडवले नाही.

गावात सभा घेण्याजोगे एकच मैदान होते आणि ते नगरपरिषदेचे होते. त्या वर्षी तिथे विरोधी पक्षाची सभा झाली. एका वक्त्याने सत्ताधारी पक्षाच्या नगरसेविका यमुना लोंढे यांच्याविषयी इतके गलिच्छ शब्द वापरले, की समोर बसलेल्या बायका उठून गेल्या. वैजयंती गर्दीच्या कडेला उभी होती. त्या शब्दांपेक्षाही त्यांच्यामागून उठलेले हसणे तिच्या मनातून जाईना.

नगराध्यक्षांनी तिला मैदान देण्याविषयीचा नियम तयार करायला सांगितले, तेव्हा तिने तो मनापासून लिहिला. ज्या सभेमुळे शहराच्या शांततेस अथवा सभ्यतेस बाधा येईल असे नगराध्यक्षांस वाटेल, त्या सभेस मैदान नाकारण्याचा अधिकार त्यांना राहील, असे त्यात कलम होते. मसुदा घेऊन ती सरांकडे गेली.

धारपांनी तो सावकाश वाचला आणि तिच्या हाती परत दिला.

"भाषा निर्दोष आहे. आता हा हणमंतराव ढोल्यांना दाखवून ये."

हणमंतराव हे विरोधी पक्षाचे पुढारी. ती सभा त्यांचीच होती.

"सर, हा नियम त्यांना आवरण्यासाठीच केलाय."

"म्हणूनच म्हणतो. यात काय बदल हवेत, ते त्यांना विचार. आणि ते सांगतील ते मला येऊन सांग."

सरांचे म्हणणे तिला कळेना. थोडा रागही आला. ज्याच्या सभेत एका बाईची अब्रू काढली गेली, त्याच्या दारात जाऊन त्याचाच सल्ला मागायचा? पण सरांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. ती गेली.

हणमंतरावांनी तिला आदराने बसवले आणि चहा सांगितला. मसुदा त्यांनी दोनदा वाचला.

"कोणी लिहिला?"

"मी."

"चांगला लिहिलाय, ताई. काही बदलू नका. 'नगराध्यक्षांस वाटेल' हे तर अजिबात काढू नका."

वैजयंती पाहतच राहिली. "तुम्ही विरोध करणार नाही?"

"करणार की. सभागृहात टेबल आपटून करणार. आमच्या लोकांना ते दिसायला पाहिजे." त्यांनी कागद नीट घडी करून तिच्यापुढे ठेवला. "पण मंजूर होऊ द्या. निवडणूक तोंडावर आली आहे. तुमच्या साहेबांना हा नियम चार महिने वापरायला मिळेल. पुढे तो आमच्याच उपयोगाचा आहे."

ते चेष्टा करत नव्हते. चहा तसाच ठेवून ती उठली.

धारप ओसरीवर बसले होते. तिने सगळे सांगितले. मग त्यांनी विचारले, "तू 'नगराध्यक्ष' लिहिलंस, तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर कोण होतं?"

"आमचे नगराध्यक्ष. ते सज्जन आहेत, सर."

"असतील. हणमंतरावांना त्या जागी ते स्वतः दिसले. वाक्य एकच होतं, आणि ते दोघांनाही आवडलं. पक्ष असावेत, त्यांनी भांडावंही. पण सत्ता मिळाली की प्रत्येक पक्षाला वाटतं, ती आता आपल्याच घरची झाली. वकिलानं तसं समजू नये. आपण लिहिलेला अधिकार एक दिवस आपल्याला सर्वांत नकोशा माणसाच्या हाती जाणार, हे धरूनच लिहायचं. त्याच्या हाती तो पाहवत नसेल, तर आपल्या माणसालाही देऊ नये."

"मग यमुनाताईंचा अपमान सोडून द्यायचा?"

"का सोडायचा? जो बोलला त्याच्यावर फिर्याद करता येते. मैदानानं काय केलं होतं? आणि यमुनाताईंचं काय म्हणणं आहे?"

यमुनाताईंना कोणी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती यमुनाताईंकडे गेली. त्यांनी मसुदा वाचला. "माझ्या नावानं मैदान बंद करू नका," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून मी एकच विचार करतेय. मला तिथंच उभं राहून उत्तर द्यायचंय. त्यांना मैदान बंद केलं, तर मी उत्तर कुणाला देऊ?"

पक्षाच्या बैठकीत यमुनाताईंनी हेच सांगितले, त्यामुळे नियम बारगळला. नगराध्यक्षांनी दोष वैजयंतीला दिला. शत्रूच्या घरी चहाला जाणारा सल्लागार आपल्याला नको, असे त्यांनी सर्वांदेखत सुनावले आणि तिचे पद काढून घेतले. घरी येताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. ज्या पक्षाला तिने आपले मानले, तिथे तिच्या बाजूने एक शब्द कोणी बोलले नाही.

तिने यमुनाताईंची फिर्याद दाखल करून दिली, आणि महिन्याभराने त्याच मैदानात यमुनाताईंची सभा झाली. त्या मोठ्या वक्त्या नव्हत्या. सुरुवातीला आवाज कापत होता, एक-दोनदा शब्द अडकला. पण उठून गेलेल्या बायका या वेळी शेवटपर्यंत बसल्या, आणि कोणी हसले नाही. मागच्या रांगेत हणमंतराव होते. त्यांनीही सगळे ऐकून घेतले.

सभा संपल्यावर ते वैजयंतीपाशी थांबले. "ताई, त्या मसुद्याचं काय झालं?"

"मागे घेतला."

"वाईट झालं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. "चांगला होता."

ते गर्दीतून निघून गेले. वैजयंती त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत उभी राहिली. पद गेल्याचे दुःख तिला त्या दिवसानंतर पुन्हा झाले नाही.