शेटजींची सम

न कळता मान डोलावणाऱ्यांनी गाण्याचं जेवढं वाटोळं केलं, तेवढं बेसुरांनीही केलं नसेल!

एका नगरात असाच एक व्यापारी होता. गाण्याच्या बैठकीत तो सर्वांत पुढे बसायचा आणि बरोबर समेवर मांडीवर थाप मारायचा. लोक म्हणत, "काय कान आहे शेटजींचा!" खरी गोष्ट अशी, की शेटजी गाणं कानांनी नव्हे, डोळ्यांनी ऐकत. देवळाच्या म्हाताऱ्या तबलजीची मान खाली आली, की यांचा हात खाली.

त्या वर्षी देवळाच्या गायनशाळेत एकच जागा होती. तांबटाची मुलगी परीक्षेला गायला बसली. नेमका म्हातारा तबलजी आजारी. त्याच्या जागी परगावचा तरुण आला होता, तो खुंटासारखा ताठ. शेटजी त्याच्या मानेकडे पाहत राहिले, ती हलेचना. मुलगी तान संपवून मुखड्यावर येऊन टेकली, तशी त्यांनी ठोकून दिली थाप. ती भलतीकडेच पडली. तबल्याची सम एक मात्रा आधीच होऊन गेली होती.

सगळी सभा वळून पाहू लागली. देवळाच्या कारभाऱ्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "शेटजी, पोरगी चुकली का हो?"

"मला नाही समजलं," एवढंच म्हणायचं होतं. पण शेटजींनी मिशीवरून हात फिरवला.

"चुकली तर! समच सापडत नाही तिला."

मुलीने तंबोरा खाली ठेवला. जागा दुसऱ्याला गेली.

सभा उठल्यावर तरुण तबलजी जवळ आला. "शेटजी, ती मुद्दाम समेच्या मागून आली. दाद द्यायची जागा होती ती! तुम्ही सम कुठे धरली होती?"

शेटजी इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "सम म्हणजे... नेमकं काय रे?"

तबलजीने बोटांवर मोजून दाखवलं. "हा ताल सोळा मात्रांचा. सोळा झाल्या की फिरून पहिली येते. ती पहिली म्हणजे सम."

"एवढंच?"

"एवढंच."

शेटजींचे कान तापले. एवढंसं विचारायची त्यांना तीस वर्षं लाज वाटली होती. ते तसेच कारभाऱ्यांकडे धावले, सगळं कबूल केलं. पण निवड देवापुढे वाचून झाली होती. ती फिरवायची तिथे रीत नव्हती. मग ते तांबटाच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलगी बाहेर आलीच नाही.

"मला काही कळत नव्हतं," मान वर न करता ते तिच्या आईला म्हणाले.

तात्पर्य काढायला शहाण्यांची गरजच उरली नाही. चिंचेने हंडा घासता घासता आई म्हणाली, "कळत नव्हतं यात कसली लाज, शेटजी? पण ते तिथं म्हणायचं होतं, पोरगी समोर बसली होती तेव्हा."