मल्हारबांची कूस

गोदाकाठी कानडखेडे नामक विणकरांचे एक गाव आहे. तेथील मारुतीच्या पारालगतच्या पडवीत एके वर्षी श्रीतुंबानाथ महाराजांचा मुक्काम होता. हातातील भोपळ्याचा तुंबा एवढाच त्यांचा संसार होय.

त्या गावी मल्हारबा दिवटे हे वृद्ध विणकर महाराजांचे निस्सीम भक्त होते. चाळीस वर्षे रेशीम विणलेल्या त्यांच्या देहास कंपवाताने ग्रासले होते. हात कापत ते कापतच, परंतु अंग असे ताठून जाई की, एकदा निजल्यावर कूस बदलणे अशक्य होई. खाली अंथरलेली जाड गोधडी अंगास धरून ठेवी. त्यांची पत्नी भागाबाई रात्रीतून पाच-सहा वेळा उठून त्यांना वळवीत असत. तीन वर्षांत त्यांना सलग नीज ठाऊक नव्हती, आणि आता त्यांचीच कंबर धरली होती.

समोरच रेशमाचे व्यापारी विसूशेट राहत. ते येता-जाता म्हणत, "काय भागाबाई, ओंडका आज कोणत्या अंगावर ठेवला? तुमच्या महाराजांना तुंब्यातलं पाणी घालायला सांगा, पालवी तरी फुटेल." भागाबाई आत जात.

एके सकाळी, चारचौघांत नाव व्हावे म्हणून, विसूशेटांनी महाराजांस सोवळ्यासाठी एक पीतांबर अर्पण केला. महाराजांनी तो काखेत मारला आणि ते थेट मल्हारबांच्या घरी निघाले. शेटही मागोमाग आले. काय हवे, असे महाराजांनी विचारता मल्हारबा म्हणाले, "बरं करा म्हणत नाही, महाराज. एवढी कूस माझी मला बदलता आली, तर हिला नीज मिळेल."

महाराजांनी पीतांबर गोधडीवर, मल्हारबांच्या कमरेखाली येईल असा अंथरला. विसूशेट संतापले. सोवळ्याचे वस्त्र आजाऱ्याच्या खाटेवर घातले म्हणून त्यांनी बराच त्रागा केला.

महाराज म्हणाले, "शेट, हे विणलं कोणी?"

शेटांस आठवेना. तेव्हा कापऱ्या बोटांनी काठ चाचपीत मल्हारबा हळूच म्हणाले, "काठ माझ्या हातचा आहे."

महाराजांनी तुंबा खाटेच्या खुरावर तालात आपटण्यास आरंभ केला. तो मागाचा ताल होता.

"मल्हारबा, खाट विसरा, मागावर बसा. गुडघे उभे करा. धोटा जाईल तिकडे आधी नजर, मग हात."

खट्, खट्, खट्. चौथ्या ठोक्यास गुडघे कलले, रेशीम सरकले आणि मल्हारबा भिंतीकडे वळले. कोणी त्यांस बोटही लावले नव्हते! भागाबाईंनी पदर डोळ्यांस लावला. विसूशेट मात्र निघून गेले.

भाविकहो, रोग होता तो होताच. परंतु कृपेने वाट दाखविली. त्या दिवसापासून मल्हारबा बोटाने खाटेवर ठेका धरीत आणि आपली कूस आपण बदलीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी विसूशेट पारावर येऊन महाराजांच्या पायांवर वाकू लागले. त्यांस अडवून महाराज म्हणाले, "नमस्कार तिकडे करा."

शेट मल्हारबांच्या घरी गेले. पगडी उतरवून त्यांनी भिंतीकडे तोंड करून निजलेल्या त्या वृद्धाच्या पावलांवर मस्तक ठेविले. स्पर्श होताच मल्हारबांनी ठेका धरला, गुडघे उभे केले आणि ते वळले. शेट क्षमा मागू लागले, तोच मल्हारबांनी कापरे बोट ओठांवर नेले.

"हळू बोला, शेट. ती निजली आहे."

माजघरात भागाबाई तीन वर्षांची राहिलेली नीज घेत होत्या. विसूशेटांनी पुन्हा एकवार मस्तक लवविले, जोडे हातात घेतले आणि पावलांचा आवाज न करता उंबरा ओलांडला.