अध्यक्षांच्या छातीवरची फिल्म

सोलापूरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला एप्रिलमधल्या पायी फेरीसाठी शंभर टी-शर्ट हवे होते. टी-शर्ट छापणाऱ्या रेणुका गाजूलची डिजिटल शाई थेट सुती कापडात मुरायची. हे काम मिळालं तरच तिचा छोटा कारखाना तगणार होता. अध्यक्ष करजगीसाहेबांना मात्र दुसऱ्या दुकानाचा नमुना आवडला. त्यावर त्यांचाच छातीभर फोटो प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवला होता.

"बघ, कसा चकाकतोय! तुझी छपाई फिकी," साहेब म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली; साहेबांपुढे माझी पीएचडी नेहमीच गप्प बसते.

"बरं, काका. फक्त काम कोणाला मिळालं, हे सांगायचं भाषण हाच टी-शर्ट घालून करा. भर दुपारी, मैदानात," रेणुका म्हणाली.

साहेबांचं भाषण तासाच्या आत कधीच आटोपत नाही. त्या दुपारी चौथ्याच मिनिटाला ते स्वतःचा चेहरा छातीपासून ओढून धरत वारा घेऊ लागले.

"अगं, आत भट्टी पेटलीय!"

"छपाई उत्तमच आहे, काका. फक्त आत माणूस नको."

साहेबांनी तिथेच काम रेणुकाला दिलं आणि भाषण संपवलं. टाळ्या नेमक्या कशासाठी पडल्या, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही.