राक्षसाचं दुसरं शिंग

"पण आक्का, दोन्ही शिंगं सारखी नकोत का?"

गजराक्का कुंभारणीने मान वर केली नाही. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, चार दिवसांवर आला होता. ओसरीवर अंथरलेल्या पोत्यावर मातीचे बैल ओळीने उभे होते आणि ती एकेकाला शिंगं लावत होती. बैल न्यायला आलेला मी पायरीवर बसलो होतो. शिंगांना तिच्याकडे साचा नाही. चिमटीत माती घ्यायची, वळायची, चिकटवायची.

विचारणारे होते सुकुमार चौगुले, आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर. लहानपणी याच ओसरीवर बसून ते आक्काकडे मातीकाम शिकले. पुढे कोल्हापुरात परीक्षेला बसले, पहिले आले, आणि आपलं शिकणं संपलं अशी त्यांची समजूत झाली. एरवी रस्त्याने ताठ चालायचे. त्या दिवशी मात्र तोंड एवढंसं झालं होतं.

"कसली शिंगं?"

"राक्षसाची. दुसरीच्या पोरांना शिकवतोय. कार्टूनमध्ये असतो ना, केसाळ, गमतीदार... त्याचा नुसता चेहरा."

"आन् त्यो काढायचा कसा?"

मास्तर खुलले. काटकी घेऊन त्यांनी जमिनीवर काढूनच दाखवलं.

"आधी गोल. मधोमध एक रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखे डोळे. वर सारखी शिंगं. मग कडेने केस, सगळे एकाच दिशेने. आठ पायऱ्या, आक्का. कुणाचं चुकायचं कामच नाही."

"मग चुकलं कुणाचं?"

मास्तरांची काटकी थांबली...

खरं दुखणं तिथंच होतं. दुसरीत तमन्ना मुल्ला नावाची मुलगी आहे. पाटी, बाक, स्वतःचा तळहात, कशावरही चित्रं काढायची. आठ दिवस झाले, चित्रकलेचा तास आला की ती दोन्ही हात मांडीखाली घालून बसते. मास्तरांनी नवी रंगपेटी देऊन पाहिली, लिमलेटची गोळी देऊन पाहिली. हात काही बाहेर आले नाहीत. काल तिची आई शाळेत आली. "सर, घरीबी काय काढंना झालीया. काय झालं हो?" मास्तर म्हणाले, "काही नाही." आज शाळा सुटताच ते थेट इकडे आले होते.

"चित्र आणलंईस?"

मास्तरांनी पिशवीतून कागद काढला.

राक्षस झकास होता. केस चहूबाजूंनी उभे, दोन तर नाकातूनही आलेले. पुढचा एक दात गायब. रेघा सगळ्या थरथरत्या, त्यामुळे केस खरोखरीचे वाटत होते. डोक्यावर एका बाजूला जाडजूड शिंग. दुसऱ्या बाजूला, शिंगाच्या जागी, भोक.

"ह्ये भोक कशानं पडलं?"

"खोडरबराने."

"खोडरबर कुणाच्या हातात हुतं?"

ओसरीवरून एक कोंबडी चालत गेली. मास्तर ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले.

"माझ्या."

"आन् खोडलं काय?"

"दुसरं शिंग. एवढंसं काढलं होतं, हरभऱ्याएवढं. म्हटलं, सारखं करून देऊ. दोनदा खोडलं. कागद पातळ होता..."

"पोरगी काय म्हणाली?"

"काही नाही."

आक्काने हातातला बैल खाली ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली..." मास्तरांनी काटकी खाली ठेवली. "म्हणाली, सर, ते अजून उगवतंय."



"तिचा दात पडलाय?"

"पुढचा. नवा येतोय."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं... राक्षसाची दोन्ही शिंगं एकदमच येतात."

"बघायला गेलतास व्हय?"

मास्तरांनी मान खाली घातली. समोर पंधरा-वीस बैल उभे होते. लहानपणापासून ते हे बैल बघत आले होते, पण शिंगं त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिली. एकाचं आत वळलेलं, एकाचं बाहेर, एकाचं आखूड. जोडी म्हणावी अशी एकही नव्हती.

"आक्का, तिची माफी मागू? नवा कागद देऊ? काय करू सांग. चांगला चालता हात होता पोरीचा... माझ्यामुळे बंद पडला."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांना असं बोलताना मी तरी ऐकलं नव्हतं.

आक्काने हात धुतले, पदराला पुसले आणि कागद उचलला.

तिची डावी करंगळी लहानपणी चाकात सापडली होती. ती तिथंच खुंटली. बाकीचा हात म्हातारा झाला, ती मात्र सात वर्षांच्या पोरीची असावी तेवढीच राहिली. बैलांच्या नाकपुड्या आक्का त्याच करंगळीने पाडते.

तिने कागद उभा धरला आणि करंगळी मागून भोकाला लावली.

आधी नख दिसलं. मग थोडं थांबून पहिलं पेर. मग करंगळी जराशी वाकडी होऊन राक्षसाच्या केसांतून हळूहळू वर आली.

"बघ. उगवतंय."

मास्तर बघतच राहिले. मग हसले. आधी नुसते ओठ हलले, मग पोट धरून हसले, इतके की गेलेली कोंबडी काय झालं ते बघायला परत आली.

"उद्या पहिल्याच तासाला तिला दाखवतो!" त्यांनी कागद आपल्याकडे घेतला. "सगळ्या वर्गासमोर दाखवतो, आक्का. असं मागून बोट घालायचं, आणि..."

त्यांचं बोट भोकाजवळ गेलं.

आक्काने मनगट धरलं.

"तुझं नको, मास्तर... तुझं पुरं वाढलंय."